भिंत कोणाची?



भिंतीला कान असतात, असे आपण म्हणतो. आमच्या आमगावच्या भिंतींना तोंडही आहे. स्टेशनातून बाहेर पडा आणि बाजाराच्या रस्त्याने सरळ चालत जा. राईस मिलच्या लांबच लांब भिंतीवर सिमेंटची जाहिरात, तिच्या शेजारी धानाच्या बियाण्याची, पुढे बोअरवेलवाल्याचा मोबाईल नंबर, त्यावर चिकटवलेले शिकवणी वर्गाचे कागद, आणि कागदाच्या फटीतून डोकावणारे मागल्या कुठल्या तरी निवडणुकीचे अर्धवट पुसलेले चिन्ह. एखाद्या शाळेच्या मागच्या भिंतीला वळसा घातला, तर कोळशाने लिहिलेली दोन नावे आणि मध्ये एक बदाम. हे वर्णन ऐकून तुम्हाला आपलेच गाव आठवले असेल, मग ते सालेकसा असो, देवरी असो की तिरोडा.

या सगळ्याविषयी आपल्या राज्यात एक कायदा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तो १९९५ सालचा आहे. नाव मोठे भारदस्त : महाराष्ट्र मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम. 'विद्रूपण' हा शब्द आमच्या झाडीपट्टीत कोणी जन्मात उच्चारला नसेल. आपण म्हणतो, 'भिंत खराब केली' किंवा 'रंगवून ठेवली'. अर्थ तोच. लोकांच्या नजरेस पडणारी जागा परवानगीवाचून लिहून, रंगवून, कागद चिकटवून किंवा कोरून कुरूप करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. 'लोकांच्या नजरेस पडणारी जागा' म्हणजे केवळ सरकारी कचेरी किंवा शाळा नव्हे. रस्त्याने जाणाऱ्याला दिसणारी तुमची खासगी भिंतही तीत येते. आणि जाहिरात करावयाची तर स्थानिक संस्थेची लेखी परवानगी लागते. घरमालक मान हलवून 'हो' म्हणाला, एवढ्याने जाहिरातदाराचे काम भागत नाही. तुम्ही आपल्या दारावर नावाची पाटी लावता, दिवाळीला भिंतीला चुना देता, पोरीच्या लग्नाला दाराशेजारी गणपती काढता, त्यासाठी हा कायदा जन्माला आलेला नाही. दुसऱ्याच्या भिंतीवर आपला धंदा मांडणाऱ्यासाठी तो आहे.

आता व्यवहारात काय होते ते सांगतो. एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीत दोन रंगारी आले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घराची रस्त्याकडची बाजू त्यांनी तासाभरात निळी करून टाकली आणि वर एका कंपनीचे नाव चढवले. म्हातारा शेतावरून परतला, तो आपलेच घर त्याला ओळखू येईना. मी त्या रंगाऱ्यांना विचारले, "का रे, काकाजींना विचारलं होतं का?" त्यांतला पोरगेला म्हणाला, "आमाले का मालूम जी सर? शेठनं सांगतलं तं लिवलो. भिंतीमागं पैसे भेटते." तो खोटे बोलत नव्हता. त्याला भिंतीमागे काही रुपये मिळणार होते. भिंत कोणाची, हे पाहणे त्याच्या मजुरीत नव्हते.

शेजारचे लोक जमले आणि त्या पोरालाच पोलिसांत द्या म्हणू लागले. आपल्याकडे बहुधा असेच होते. हाती ब्रश असलेला सापडतो, आणि ज्याचे नाव भिंतीवर झळकते तो दूर आपल्या कचेरीत पंख्याखाली बसलेला असतो. पण मंडळी, कायदा इतका भोळा नाही. 'स्वतः किंवा दुसऱ्याकडून' असे तो म्हणतो. ज्याच्या फायद्यासाठी भिंत रंगली तो व्यापारी, ती कंपनी, ती संस्था, तिचे चालक यांनाही तो जबाबदार धरतो. आपल्या नकळत हे झाले, असे त्यांना म्हणायचे असेल तर ते त्यांनी दाखवून द्यावयाचे. तेव्हा तक्रार लिहिताना 'अज्ञात इसमाने भिंत रंगवली' असे लिहू नका. इसम अज्ञात असेल. त्याने लिहिलेले नाव चांगले हातभर मोठ्या अक्षरांत तुमच्या समोर आहे. तेच तक्रारीत घाला.

काकाजींनी तक्रार केली नाही. "जाऊ दे जी, भिंत तं रंगली फुकटात," म्हणाले. हा त्यांचा स्वभाव झाला. पण नाही म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे हे माहीत असून सोडून देणे वेगळे, आणि हक्कच माहीत नसणे वेगळे.

निवडणुकीत हाच प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण रंगाचा डबा घेऊन येणारा बहुतेक वेळा गावातलाच असतो. पुतण्या असतो, मित्र असतो, नाही तर ज्याच्याकडे उद्या आपले काम पडणार आहे असा कोणी असतो. निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता याविषयी स्पष्ट आहे. कोणाच्याही घरावर, कुंपणावर, जमिनीवर त्याच्या परवानगीशिवाय झेंडे लावणे, पत्रके चिकटवणे, घोषणा लिहिणे याला मनाई आहे. जेथे स्थानिक कायदा भिंतीवर लिहू देत नाही, तेथे मालकाची परवानगी असूनही लिहिता येत नाही. जेथे लिहिता येते, तेथे ती परवानगी लेखी घेऊन उमेदवाराने निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावयाची असते, आणि रंगाचा खर्च त्याच्या निवडणूक खर्चात धरला जातो. म्हणून कोणी दारात आला, तर तोंडावर 'नाही' म्हणण्याची भीड वाटली तरी एवढे जरूर म्हणा : "भाऊ, कागद आण, मी सही करतो." कागदाचे नाव काढले की निम्मे लोक दुसऱ्या गल्लीला वळतात.

बरे, कायदा आहे तर भिंती अशा का? एक कारण असे, की १९९५ मध्ये दोन हजार रुपये ही रक्कम होती. आज एखाद्या कंपनीच्या जाहिरातखात्यात ती चहापाण्यात जाते. दुसरे असे, की तक्रारच कोणी करत नाही. बेकायदा फलकांच्या बाबतीत साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि २०१७ साली न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना व नगरपालिकांना हे फलक काढण्याविषयी सविस्तर आदेश दिले. म्हणजे असलेलाच कायदा अंमलात आणा, हे सांगावयाला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्यानंतरही चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक लागतात, हे तुम्ही पाहताच.

रेल्वेचे निराळे आहे. आमगावच्या स्टेशनावर किंवा गाडीच्या डब्यात रेल्वेच्या सूचनेवर कोणी कागद चिकटवले, तिच्यावरची अक्षरे खोडली, तर १९८९ च्या रेल्वे अधिनियमाने तो स्वतंत्र गुन्हा होतो. डब्यात दाराशेजारी वशीकरणवाले बाबा आणि घरबसल्या हजारो रुपये मिळवून देणारे जे कागद लावतात, त्यांच्यासाठी ही तरतूद कामाला येते. शिवाय कोणत्याही मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान करणे याला कायद्याच्या मराठीत फार गोड शब्द आहे : 'आगळीक'. जुन्या दंड संहितेत तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा कायम आहे.

येथे एक शंका कोणी शिक्षक-मित्र काढतील, आणि ती रास्त आहे. भिंतीवर लिहिणे नेहमीच वाईट काय? १९४२ साली रात्रीच्या अंधारात 'चले जाव' कोणी लिहिले होते? ज्यांना छापखाना नव्हता, वर्तमानपत्र नव्हते, त्यांनीच ना? वेगळ्या विदर्भाची मागणीही आपण कितीदा तरी भिंतीवरच वाचली आहे. ज्याच्याजवळ बोलावयाला दुसरी जागा नाही, त्याची भिंत ही पाटी असते. असले कायदे जगात पुष्कळ ठिकाणी केवळ सौंदर्यासाठी झालेले नाहीत. सिंगापूरचा १९६६ चा कायदा घ्या. तो आला तेव्हा भिंतीवरच्या राजकीय घोषणा बंद करणे हा त्याचा एक हेतू होता, आणि त्यात फटक्यांची शिक्षा आहे. १९९४ साली अठरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाला मोटारींवर रंग फवारला म्हणून तेथे वेताचे चार फटके बसले. सहा ठरले होते. अमेरिकेच्या अध्यक्षांनी रदबदली केली म्हणून चार झाले. मला विचाराल तर पोराच्या अंगावरचे वळ भिंतीवरच्या रंगापेक्षा अधिक कुरूप दिसतात.

आपला कायदा तितका कठोर नाही, हे बरे आहे. त्यात मला उणे दिसते ते दुसरेच. तो कोठे लिहू नये ते सांगतो. कोठे लिहावे ते सांगत नाही. प्रत्येक गावात कोणालाही आपले म्हणणे मांडता येईल असा एक मोकळा फलक हवा. ग्रामपंचायतीचा सूचना फलक असतो खरा, पण तो बहुधा काचेत कुलूपबंद असतो आणि किल्ली ग्रामसेवकाकडे असते.

इथवर आपण चुन्याच्या भिंतीविषयी बोललो. चुन्याच्या भिंतीची एक सोय आहे. दिवाळीला हात फिरवला की पाटी कोरी. दगडाला दिवाळी नाही. दगडावर किंवा जुन्या चित्रावर ओढलेली रेघ कायमची. आणि या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत नामांकित उदाहरण एका साहेबाचे आहे.

जॉन स्मिथ हा मद्रास घोडदळातला अधिकारी. १८१९ च्या एप्रिलमध्ये तो वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या डोंगरात आला आणि वाघूर नदीच्या वळणावर त्याला लेणी दिसली. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच. पण बाहेरच्या जगाला ती कळली ती या भेटीमुळे, म्हणून पुस्तकांत त्याने ती 'शोधली' असे लिहिलेले असते. पुढे त्याने काय केले? दहाव्या लेण्यात, रंगवलेल्या एका बोधिसत्त्वाच्या अंगावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली : २८ एप्रिल १८१९. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता. त्या ढिगावर उभा राहून त्याने लिहिले, म्हणून आज ती अक्षरे आपल्या डोक्याच्याही वर दिसतात. ढीग गेला, साहेब गेला, त्याचे सरकार गेले. अक्षरे दोनशे वर्षांनंतरही तशीच आहेत. त्याच्यामागून आलेल्यांनीही मग आपापली नावे खरवडली. एकाने लिहिले की दुसऱ्याला धीर येतो.

हे चित्र आता दुरुस्त का करत नाहीत, असे मुले विचारतात. त्यांना पुढची हकीकत सांगा. निझाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून दोन जाणकार बोलावून अजिंठ्याची चित्रे टिकवण्याचे काम करवले. त्यांनी ढासळणारा गिलावा सावरला, हा त्यांचा मोठा उपकार. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगण दिले, ते पुढे पिवळे पडले, त्यावर धूळ बसली, आणि ते काढण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांची कितीतरी वर्षे गेली. जाणत्या हातांची ही कथा, तर चाकूने कोरलेले नाव बुजवणे किती अवघड असेल याचा अंदाज करा.

स्मिथला शिक्षा झाली नाही, कारण तेव्हा असा कायदाच नव्हता. प्राचीन स्मारकांसाठी पहिला मोठा कायदा १९०४ साली, लॉर्ड कर्झनच्या काळात झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्राचा कायदा आला, आणि राज्याने १९६० मध्ये आपला केला. केंद्राच्या संरक्षित स्मारकाचे विद्रूपण केले, तर आधी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होता. २०१० मध्ये त्यात बदल झाला. आता दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राईस मिलच्या भिंतीला दोन हजार आणि लेण्याच्या भिंतीला एक लाख, हा फरक का, ते आता वेगळे सांगावयास नको.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आहेत. रायगड आहे, राजगड आहे, शिवनेरी आहे, लोहगड आहे. आता शाळांच्या सहली तिकडे अधिक जातील. जाताना मुलांच्या खिशातले खिळे आणि मार्कर तपासून घ्या, असे मी म्हणत नाही. पण गडाच्या पायथ्याशी दोन मिनिटे थांबून स्मिथची गोष्ट सांगा. 'लिहू नका' या दोन शब्दांपेक्षा ती मुलांच्या अधिक ध्यानात राहते.

केंद्राच्या यादीत साऱ्या देशात मिळून साडेतीन हजारांहून थोडी अधिक स्मारके आहेत. उरलेल्या दगडांचे काय? आपल्या सालेकसा तालुक्यातला कचारगड घ्या. माघ पौर्णिमेला दूरदूरच्या प्रांतांतून गोंड बांधव तेथे येतात. ती गुहा त्यांची भक्ती राखते. पहारेकऱ्याची तेथे मातब्बरी नाही. पण भक्तीचीही एक गंमत आहे. ज्या दगडाला शेंदूर लागला त्यावर कोणी नाव कोरत नाही, हे खरे; आणि त्याच शेंदराच्या पुटांखाली मूर्तीचे नाक-डोळे, कधी एखादा लेख, दिसेनासा होतो, हेही खरे. शेंदूर निदान जुन्या रीतीचा आहे. अलीकडे जुन्या दगडी देवळांना भडक ऑइल पेंट फासतात, गाभाऱ्यात फरशी बसवतात आणि फरशीवर देणगीदारांची नावे कोरतात. ऑइल पेंटने दगडातली ओल आत कोंडते आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. हे सारे श्रद्धेने होते, वर्गणी काढून होते, म्हणून त्याला विद्रूपण म्हणावयाला कोणाची जीभ वळत नाही. माझी वळते. कोळशाने बदाम काढणाऱ्या पोराने शाळेचे जेवढे नुकसान केले, त्याच्या शंभरपट नुकसान रंगाच्या पाच डब्यांनी देवळाचे होते.

आणि आम्ही आमगावकरांनी तरी दगडावरच्या अक्षराची किंमत ओळखावी. आमगावजवळचे पदमपूर हे भवभूतीचे गाव मानतात. कशावरून? भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत आपले मूळ गाव पद्मपूर म्हणून सांगितले आहे. तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यात सापडलेल्या वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटात पद्मपूर हे नाव आले आहे. आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे धागे जुळवून ते पद्मपूर म्हणजे आपले पदमपूर, असे प्रतिपादन केले. एका पत्र्यावर कोणी तरी नीट कोरलेली चार अक्षरे, एवढ्यावर एका गावाचा मान उभा आहे. उद्या एखादा असाच कोरीव दगड कोणाच्या बांधावर निघाला, आणि तोवर त्यावर कोणा हौशी तरुणाने आपले नाव कोरलेले असले, तर मिराशींच्या नंतरच्या अभ्यासकाने वाचावे काय?

शिक्षक-बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्याकडे यातले निम्मे काम आहे. प्राथमिक शाळांत आपण 'बोलक्या भिंती' केल्या. पाढे, नकाशे, बाराखड्या रंगवल्या. फार चांगले झाले. पण त्या भिंतींवर मोठी माणसे बोलतात, मूल फक्त वाचते. एक हात-दीड हात उंचीचा काळा पट्टा वर्गाबाहेर मुलांसाठी सोडा, शेजारी खडू ठेवा, आणि शनिवारी तो मुलांकडूनच पुसून घ्या. बाकावर करकटकाने नाव कोरणारा मुलगा दुष्ट नसतो. आपण येथे होतो, एवढेच त्याला सांगावयाचे असते. आणि शाळेच्या आवारातल्या झाडाचेही त्याला दाखवा : सालीच्या आतल्या थरातून पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे उतरते. साल कोरली की तेवढी वाट तुटते, आणि बुंध्याला सगळीकडून कोरले तर झाड वाळते. विज्ञानाच्या तासाला हे शिकवता येते. त्याला नागरिकशास्त्राची वाट पाहावी लागत नाही.

शेवटी कामाची एक सूचना. गावातल्या जुन्या दगडावर, देवळावर किंवा बुरुजावर कोणी रंगवून ठेवले असेल, तर उत्साहाच्या भरात तारेचा ब्रश, ॲसिड किंवा वाळू घेऊन ते घासायला जाऊ नका. रंग निघेल, पण त्याबरोबर कोरीवकामही निघेल. त्याचे स्वच्छ उजेडात फोटो घ्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाची, दोहोंची कार्यालये नागपुरात आहेत. तेथे पत्र पाठवा, मराठीत चालते. गाव, तालुका, दगड कोणाच्या जमिनीत आहे, रंग केव्हा लागला आणि साधारण किती हात लांबरुंद जागेवर आहे, एवढे त्यात लिहा. पत्राची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.